घरच्या गॅरेजमध्ये जुन्या गाडीला नवा रंग: पत्र्यापासून पॉलिशपर्यंत

पांढऱ्या सुती चिंधीवर थोडं लॅकर थिनर घ्या आणि गाडीच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. चिंधीवर रंग उतरला तर अंगावर सेल्युलोज किंवा ॲक्रिलिक लॅकर आहे. रंगाला सुरकुत्या पडून तो सायीसारखा उचलला गेला तर हवेवर वाळलेलं इनॅमल आहे. काहीच झालं नाही तर कारखान्याच्या भट्टीत भाजलेला रंग किंवा नंतर कुणी मारलेला टू-के, म्हणजे हार्डनर घालून वाळवलेला रंग आहे. हीच चाचणी डिकीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे करा. आत मूळ रंग आणि बाहेर तिसऱ्याच कुणाचा हात, असं जुन्या गाड्यांत सर्रास सापडतं.

हे आधी कळायला हवं, कारण नव्या रंगातलं थिनर खालच्या थरात मुरतं. इनॅमलवर लॅकर मारलं की खालचा थर आक्रसून उठतो, आणि ते तिथल्या तिथे दिसतं. जुन्या लॅकरवर टू-के मारलं तर पहिल्या दिवशी सगळं झकास दिसतं. मग खालच्या थरात मुरलेलं थिनर हळूहळू सुटतं, रंग बसत जातो आणि दीड-दोन महिन्यांनी पॉलिश पेपरचे सगळे ओरखडे वर उमटतात. घरी केलेली बहुतेक कामं बिघडतात ती अशीच, दोन थरांच्या मध्ये. फवाऱ्याची गन चालवणाऱ्या हाताला उगाच बोल लागतो.

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तमच. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. आकडा ३०० च्या पुढे गेला तर पुन्हा रंग झालाय, ५०० च्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे असं समजा. मीटर नसेल तर कागदात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक फिरवा. जिथं पकड सुटते तिथं पुट्टी किंवा गंज. आमचा कौल असा: मूळ भट्टीचा रंग घट्ट असेल तर तो ठेवा, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्यावरच काम करा, त्याच्याइतकी पकड घरी पुन्हा आणता येत नाही. लॅकर, तडे गेलेला किंवा ३०० मायक्रॉनपेक्षा जाड रंग असेल तर पत्र्यापर्यंत उतरवा.

खोलताना

बंपर, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, हँडल, काचेची रबरं हे सगळं काढायचंच. रबराला टेप लावून रंग मारला की त्याच्या कडेला रंगाची धार राहते, आणि पोपडा निघायला सुरुवात तिथूनच होते. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि काढण्याआधी फोटो. फोटोत बोल्टपेक्षा वॉशरचा क्रम आणि वायरचा मार्ग दिसायला हवा. जोडणीच्या वेळी अडतं ते तिथंच.

दारांच्या बिजागऱ्या सोडण्यापूर्वी बिजागरी आणि खांब यांच्यातून आरपार ३ मिलिमीटरचं भोक पाडा. परत बसवताना त्याच भोकात ड्रिलचं पातं घातलं की दार जागच्या जागी येतं. जाम झालेल्या बोल्टवर ताकद लावण्याआधी सुटं करणारं तेल रात्रभर मुरू द्या, मग थोडं घट्ट, थोडं सैल असं हलवत काढा.

गंज: दिसतो त्याच्या दुप्पट

दाराखालची लांब पेटी म्हणजे सिल, चाकांच्या कमानी, दारांचा खालचा काठ, बॅटरीची बैठक, पुढच्या काचेच्या रबराखालची चौकट आणि पायाखालचा पत्रा. जुन्या गाडीचा गंज या सहा जागांपासून शोधायला लागा. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोकत जा. घट्ट पत्रा टणत्कार देतो, कुजलेला बद्द वाजतो. रंगाला आलेला फोड म्हणजे गंज बहुधा आतून बाहेर आलाय. फोड रुपयाएवढा असेल तर आतला डाग तळहाताएवढा धरा.

वरवरचा लाल गंज ८० नंबरच्या डिस्कने घासून जातो. खड्ड्यांत राहिलेल्या काळ्या ठिपक्यांसाठी फॉस्फरिक आम्ल असलेलं द्रावण लावता येतं, पण ते पत्र्यावर सुकू देऊ नका. पाण्याने नीट धुवा, लगेच कोरडं करा, वर पुन्हा पेपर मारा. आम्लाचा अंश राहिला तर त्यावर एपॉक्सी प्रायमर धरत नाही, आणि महिन्याभरात अख्खी चकती नखाने निघते.

आरपार गेलेल्या जागी पुट्टी, फायबरची जाळी किंवा वर्तमानपत्राचा बोळा भरून भागत नाही. कुजका पत्रा कापून नवा जोडायचा. गाडीचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाड असतो. त्यासाठी मिग वेल्डिंग, ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. एकसलग रेघ कधीच ओढायची नाही. एक ठिपका इथं, पुढचा हातभर लांब, मग मधोमध, असं करत ठिपके जुळवत आणा आणि हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. घाई केली की पत्रा पापडासारखा लहरतो आणि मग ती लहर भरायला पुट्टीच लागते. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करा, नाहीतर गाडी मधोमध बसते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडा, इंधनाची टाकी आणि नळ्या काढून खोलीबाहेर ठेवा, आतलं कापड आणि फोम उतरवा. अग्निशामक हाताशी असू द्या. काम संपल्यावर तासभर तिथंच थांबा. डांबरी थर आणि नमदा आतल्या आत धुमसतात.

पत्रा उघडा करणं

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून हीट गनने रंग जाळून काढू नका आणि कोरडा घासताना पी-१०० दर्जाचा धूळरोधक मास्क लावा. ती धूळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपायची. काही गाड्यांत छत आणि खांब यांच्या सांध्यावर करड्या रंगाचं मऊ शिसं भरलेलं असतं. तिथं ग्राइंडर न चालवता हातकानशीने काम करा, म्हणजे धूळ उडत नाही.

सपाट भागासाठी ८० नंबरचा पेपर लावलेला ऑर्बिटल सँडर पुरतो. कोपऱ्यांत आणि वळणांवर नायलॉनची काळी किंवा निळी जाळीदार चकती. ती रंग खाते, पत्रा खात नाही. रंग उतरवायचं रसायन लवकर काम करतं, पण सांध्यांत शिरून बसलं तर नंतर तिथूनच नवा रंग फुगवतं. सांध्यांपासून दोन बोटं अलीकडेच थांबा आणि उरलेलं हाताने घासा. वाळूचा मारा चासी, चाकं, कमानीचा आतला भाग यांच्यासाठी ठीक. बॉनेट, छत, दार यांच्यावर मात्र नको. कणांच्या माऱ्याने पत्र्याची एकच बाजू ठोकल्यासारखी ताणली जाते, आणि मोठा सपाट पत्रा फुगतो तो कायमचा.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. दमट हवेत काही तासांत त्यावर पिवळसर झाक येते. म्हणून जेवढं एका दिवसात उघडं करून एपॉक्सीखाली घालता येईल तेवढंच उघडा.

इथं एक सवय लावून घ्या, ती शेवटपर्यंत सोडू नका: घासण्याआधी ग्रीस काढायचं, आणि घासल्यावर पुन्हा काढायचं. आधी काढलं नाही तर मेण आणि सिलिकॉन पेपरबरोबर ओरखड्यांत रगडलं जातं. पद्धत दोन फडक्यांची. एकाने द्रावण ओलं पसरायचं, ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर घाण फक्त जागा बदलते.

एपॉक्सी आधी, पुट्टी नंतर

उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमरचे २ हात. तो पाणी अडवतो, पत्र्याला घट्ट धरतो आणि वर येणाऱ्या थराला बैठक देतो. पत्रा किंचित खाऊन त्याला धरणाऱ्या एच (etch) प्रायमरमध्ये आम्ल असतं आणि त्यावर थेट मारलेली पॉलिस्टर पुट्टी नीट वाळत नाही, म्हणून पुट्टी लागणार असेल तिथं एच प्रायमर टाळाच. छोट्या चार दारी गाडीच्या बाहेरच्या अंगाला एपॉक्सीच्या २ हातांना साधारण २ ते २.५ लिटर तयार माल लागतो. डब्याबरोबरच्या तांत्रिक पत्रकात पुढचा थर किती वेळात मारायचा ती मुदत दिलेली असते. ती उलटली की ३२० ने खरवडल्याशिवाय पुढे जायचं नाही. मिश्रणाचं प्रमाणही त्याच पत्रकातून घ्या. एका कंपनीचा एपॉक्सी आणि दुसरीचा हार्डनर ही जोडी लावू नका.

पोचे आधी हातोडी आणि डॉलीने, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने, जमतील तितके उठवा. पुट्टीने ३ मिलिमीटरपेक्षा जास्त भरायचं नाही. जाड पुट्टी आकुंचन पावते आणि खड्ड्यांवरून गाडी गेली की तडकते.

पुट्टीत हार्डनर वजनाने २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. तराजू नसेल तर गोल्फच्या चेंडूएवढ्या पुट्टीला वाटाण्याएवढा हार्डनर असा अंदाज चालतो. उन्हाळ्यात तो किंचित कमी, पण १ टक्क्याखाली नाही. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर पुट्टी भराभर गरम होते, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि हार्डनरमधलं उरलेलं पेरॉक्साइड महिन्याभराने फिकट रंगातून पिवळ्या-गुलाबी डागासारखं वर येतं. काच किंवा प्लास्टिकच्या पाटीवर मिसळा. पुठ्ठा तिच्यातलं राळ शोषून घेतो. फेटायचं नाही. पात्याने दाबून पसरवायचं, गोळा करायचं, पुन्हा दाबायचं, रंग एकसारखा होईपर्यंत. पांढरी रेघ दिसली तर तिथं हार्डनर पोचलेला नाही आणि ती जागा कायम चिकट राहणार. खोलीच्या तपमानाला हातात ४ ते ५ मिनिटं असतात, म्हणून लिंबाएवढीच घ्या.

खालचा एपॉक्सी मुदतीत असेल तर पुट्टी थेट, नसेल तर ८० किंवा १२० ने खरवडून. वाळल्यावर पहिला हात ८० नंबरचा, मग १२०, मग १८०. लांब ठोकळा हातात धरा आणि तिरप्या दिशेने, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने घासा. बोटांनी पेपर दाबून घासलेल्या पुट्टीत बोटांच्या रुंदीचे चर पडतात, ते हाताला लागत नाहीत पण गडद रंगात डोळ्यात भरतात. आणि पुट्टी ओली घासायची नाही. तिच्यात शंखजिऱ्याची भुकटी असते, ती पाणी पिते, आणि ते पाणी पुढच्या उन्हाळ्यात फोड होऊन बाहेर येतं.

जाड प्रायमर आणि काळी भुकटी

यावर टू-के हाय-बिल्ड प्रायमरचे ३ हात, प्रत्येक हातात १० मिनिटांचं अंतर, गनची नोझल १.७ किंवा १.८. गाडीभर ३ ते ४ लिटर. रात्रभर वाळू द्या.

मग संपूर्ण अंगावर गाइड कोट. म्हणजे घासायच्या प्रायमरवर काळी कोरडी भुकटी पॅडने चोळायची, किंवा विरोधी रंगाचा हलका फवारा लांबून उडवायचा. आता ४०० नंबरचा पेपर ठोकळ्यावर लावून घासायला लागा. उंच भागावरची काळी झाक आधी जाते, खड्ड्यातली राहते. सगळीकडून काळं गेलं की पत्रा सपाट. मध्येच प्रायमर संपून एपॉक्सी दिसायला लागला आणि शेजारी अजून काळा ठिपका असेल, तर तो खड्डा घासून जाणार नाही. थांबा, तिथं पुट्टीचा हलका हात किंवा पुन्हा प्रायमर. काळा ठिपका घालवायला एकाच जागी घासत बसलात तर दुसरा खड्डा तयार होतो.

एकरंगी रंगासाठी ४०० ते ५०० ने शेवट करा, मेटॅलिकसाठी ६०० पर्यंत जा. वरचा रंग काही झाकत नाही. उलट चकाकी आली की खालचं सगळं चव्हाट्यावर येतं, हे प्रायमर घासताना कंटाळा येईल तेव्हा आठवा.

या टप्प्यावर गाडी एकदा जोडून पाहा. नवी रबरं लावा, दारं बसवा, फटी मोजा. नवं रबर जुन्यापेक्षा जाड असतं आणि दार चौकटीला टेकत नाही, हे रंग झाल्यावर कळलं तर बिजागरीशी झटापटीत पहिला टवका उडतो. पुन्हा सुटं करून सांध्यांत सीम सीलर भरा. सिलच्या तळाची आणि दारांच्या खालच्या काठाची पाणी निघून जायची भोकं मात्र बुजवू नका.

मास्क, हवा, जागा

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला चिडलं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येतो. त्यांना ओळखीचा वास नाही, म्हणून साध्या काडतुसांचा मास्क कधी संपला ते नाकाला कळत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा पूर्ण चेहऱ्याचा मास्क, हातमोजे आणि डोक्यासकट अंग झाकणारा एकदा वापरायचा सूट, ही किमान तयारी. त्वचेतून आणि डोळ्यांतूनही ते शरीरात जातात. मास्कच्या कडेखाली दाढी असेल तर मास्क घट्ट बसत नाही. एवढी सोय होत नसेल तर आमचा स्पष्ट सल्ला: प्रायमरपर्यंतची घासकाम-पुट्टी घरी करा, पण एपॉक्सीच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नाहीत ना ते पाहून, आणि हाय-बिल्ड, रंग व क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, रंगाच्या बूथवाल्याकडून मारून घ्या. सगळ्यात जास्त तास घासण्यात जातात, त्यांची मजुरी तरी वाचते.

गॅरेजच्या एका टोकाला हवा आत येऊ द्या, गाळणीच्या कापडातून. दुसऱ्या टोकाला बाहेर फेकणारा पंखा. पंख्याची मोटर हवेच्या वाटेत नको, ठिणगी आणि थिनरची वाफ एकत्र आली की स्फोट होतो. गॅसचा गिझर, शेगडी, काहीही पेटतं नको. भिंतींना आणि छताला प्लास्टिक ताणून लावा, जमीन आदल्या दिवशी धुवा आणि फवारणीच्या आधी पुन्हा ओली करा. दिवे दोन्ही बाजूंनी कमरेच्या उंचीवर ठेवा. रंग ओला पडतोय की कोरडा, हे पत्र्यावर पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबातच दिसतं, आणि फक्त छतावर दिवा असेल तर दारं अंधारात मारावी लागतात.

कंप्रेसर घेताना अश्वशक्ती न पाहता तो मिनिटाला खरोखर किती लिटर हवा देतो ते पाहा. एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा पण कमी दाबाच्या गनला साधारण ३०० ते ४०० लिटर लागते. २ अश्वशक्तीचा पिस्टन कंप्रेसर १८० च्या आसपास देतो. टाकी १०० लिटरची आणि दाब ८ बारवरून ३ बारपर्यंत उतरू दिला तर तिच्यातून ५०० लिटर हवा निघते. गन ३५० खाते, कंप्रेसर १८० भरतो, मिनिटाला तूट १७० ची, म्हणजे अंदाजे ३ मिनिटं. त्या ३ मिनिटांत छत होईल, पण अर्धं बॉनेट झाल्यावर फवारा बसला तर तिथं पट्टा उमटतो. कमी हवा घेणारी गन निवडा किंवा एका दमात होईल तेवढाच भाग हाती घ्या.

दाबलेली हवा गरम असते आणि नळीत थंड होताना पाणी सोडते. पाण्याचा सापळा कंप्रेसरलाच लावला तर हवा अजून गरम असते आणि पाणी वाफ होऊन पुढे निघून जातं. मध्ये ७-८ मीटर धातूची नळी, तिचा उतार कंप्रेसरकडे, आणि सापळा गनच्या बाजूला. प्लास्टिकची पीव्हीसी नळी दाबाखाली फुटून तुकडे उडवते, ती नको.

गन लावून घेणं

रंगाला आणि क्लिअरला १.३ ची नोझल. ट्रिगर दाबलेला असताना गनच्या मुठीपाशी २ बार. भिंतीवरच्या रेग्युलेटरचा आकडा धरू नका, नळीत दाब पडतो.

भिंतीवर कागद लावा, गनच्या तोंडाची टोपी ९० अंश फिरवा म्हणजे फवारा आडवा पडेल. एका जागी धरून रंग ओघळेपर्यंत ट्रिगर दाबा. ओघळ सगळ्या रुंदीत सारखे उतरले तर गन ठीक. मधल्या भागात जास्त उतरले तर दाब कमी किंवा रंग घट्ट. दोन टोकांना जास्त आणि मधे कमी असेल तर दाब जास्त किंवा रंग पातळ. एकाच बाजूला झुकत असतील तर टोपी अर्धी फिरवून पुन्हा पाहा. झुकाव बाजू बदलत असेल तर टोपीचं भोक तुंबलंय, बदलत नसेल तर नोझल किंवा सुई.

रंग

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, पण एकाच कोडच्या छटा निरनिराळ्या असतात. कोड नसेल तर ऊन न लागलेल्या जागेवरून, जसं ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतून, छटा जुळवून घ्या. सगळे डबे आधी एका मोठ्या भांड्यात एकत्र करा. दोन डब्यांतला फरक दोन दारांवर दिसायला नको. एका पत्र्याच्या तुकड्यावर पूर्ण थर मारून, वाळवून, उन्हात धरून पाहा.

किती रंग? छोट्या गाडीचं बाहेरचं अंग साधारण १० चौरस मीटर. ५० मायक्रॉनच्या ओल्या थराला अर्धा लिटर पुरतो, पण फवाऱ्यातला निम्मा हवेत जातो, म्हणून एका हाताला १ लिटर. ३ हातांना ३, आणि दारांच्या चौकटी, डिकीचा आतला भाग धरून आणखी १. क्लिअरच्या ३ हातांनाही ३ लिटर तयार माल.

हार्डनर खोलीच्या तपमानाप्रमाणे: १८ अंशांखाली जलद, १८ ते २५ मध्यम, त्यापुढे मंद. पत्र्याचं तपमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा रंगाखाली बसतो.

रंग कागदाच्या गाळणीतून गाळूनच कपात. चिकट फडकं अंगावरून हलकेच फिरवा; दाबलं तर त्यातलं राळ पत्र्याला लागतं. आधी चौकटी आणि आतले काठ, मग छत, मग एका बाजूने फिरत या, म्हणजे ओली कड नेहमी हाताशी राहते. गन पत्र्यापासून १५ ते २० सेंटीमीटर, आणि मनगट न वळवता अख्खा हात हलवायचा. मनगट वळलं की कडेला गन लांब जाते आणि तिथं रंग कोरडा पडतो. प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवा, मेटॅलिकमध्ये पाऊण. मेटॅलिकचे सुटे भाग गाडीवर ज्या दिशेने असतात तसेच उभे करून आणि एकाच बैठकीत मारा. आतले ॲल्युमिनियमचे कण वेगवेगळ्या दिशेने पडले तर दार आणि मडगार्ड दोन छटांचे दिसतात. शेवटी मेटॅलिकवर एक हलका हात थोडा लांबून, २५ सेंटीमीटरवरून, म्हणजे ढग पुसले जातात.

बेस रंग, म्हणजे क्लिअरखालचा रंग, मॅट दिसायला लागल्यावर, म्हणजे साधारण १० मिनिटांनी, पुढचा हात. क्लिअरसाठी घड्याळापेक्षा बोट बरं. टेप लावलेल्या जागेवर पडलेल्या क्लिअरला बोट टेकवून उचला. तार ओढली गेली तर थांबा. नुसतं चिकटलं, तार आली नाही, तर पुढचा हात मारा. नंतर घासून पॉलिश करायचं असेल तर क्लिअरचे ३ हात.

काय बिघडतं

रंग पडताच गोल गोल खड्डे झाले, मध्ये पत्रा दिसतो, ते माशाचे डोळे. कारण सिलिकॉन: टायर चमकवायचा फवारा, हाताचं क्रीम, गंज सोडवणारं तेल. वर जाड रंग ओतून ते भरत नाहीत. वाळू द्या, घासा, ग्रीस काढा, पुन्हा मारा. गॅरेजमध्ये हे फवारे महिनाभर आधीपासून बंद.

संत्र्याच्या सालीसारखा पोत म्हणजे दाब कमी, रंग घट्ट किंवा गन लांब. टाचणीच्या टोकाएवढे बारीक फुगे म्हणजे पहिला हात सुकायच्या आत दुसरा चढवला, आणि अडकलेलं थिनर नंतर वर फुटलं. उपाय एकच, घासून पुन्हा. जुन्या पद्धतीचं लॅकर दमट हवेत मारलं तर दुधासारखी पांढरी छटा येते; मंद थिनर घालून पुन्हा हलका हात दिला की बऱ्याचदा जाते.

ओघळ आला तर हात लावू नका. पुसायला गेलात की तळहाताएवढी जागा बिघडते. पूर्ण कडक झाल्यावर ओघळाच्या दोन्ही बाजूंना टेप लावा आणि दाढीच्या पात्याने, उभं धरून, केसाएवढं केसाएवढं तासा. पातळी आली की १५०० चा पेपर. ओल्या रंगात बसलेली माशीही अशीच वाळू द्यावी. पाय राहिले तरी चालतील, ते पेपरने जातात.

घासणं, पॉलिश, जोडणी

क्लिअर वाळल्यावर, डब्यावरच्या मुदतीप्रमाणे पण निदान २४ तासांनी, साबणाच्या पाण्यात भिजवलेला १५०० चा पेपर, मग २०००, मग ३०००. दाराच्या कडा आणि पत्र्याच्या घडीच्या रेघांवर आधी टेप. तिथं थर पातळ असतो आणि एका फेरीत रंग उघडा पडतो. पेपरचं पाणी दुधाळ आहे तोवर क्लिअर निघतंय. रंगीत झालं तर थांबा, क्लिअर संपलं. क्लिअर नसलेल्या एकरंगी रंगात मात्र पाणी रंगीत येणारच. मग कंपाउंड, फोमच्या पॅडवर, कमी वेगाने; पत्रा हाताला गरम लागला तर हात काढा.

पोकळ भागांत मेण फवारायचं ते आता, रंगानंतर. आधी मारलं तर सांध्यांतून झिरपून माशाचे डोळे पाडतं. पाणी निघायची भोकं तारेने पुन्हा मोकळी करा. पुढची काच बसवताना रबराच्या खाचेत ४-५ मिलिमीटरची दोरी गुंडाळा, टोकं आत ठेवा, रबराला साबणाचं पाणी लावा, एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायची. बोल्टखाली नायलॉनचे वॉशर घाला. मेणाचं पॉलिश २ महिने लावू नका, आतलं थिनर अजून बाहेर पडत असतं.

उरलेल्या रंगात हार्डनर मिसळलेला नसेल तर तो काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, वर हवा राहता कामा नये. बाटलीवर कोड, मिश्रणाची तारीख आणि कोणत्या नोझलने, किती दाबाने मारला ते लिहा.